सलग बॅट, जोडाची बॅट

सॉफ्टबॉलच्या बॅटीत दोन जाती असतात. एक सलग, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंत एकच नळी. दुसरी जोडाची, म्हणजे धरायचा दांडा वेगळा, मारायचं पोट वेगळं, अन् मधे दोघांचं लग्न लावून दिलेलं. ही एवढीशी गोष्ट आमच्या घरात एका माणसाला वेळेवर माहीत असती, तर माझं आयुष्य कदाचित वेगळ्या रस्त्यानं गेलं असतं. पण जर-तरच्या गोष्टी करून कोणाचं पोट भरलंय? माझी भाची मागे लागली आहे, मावशी, तू खेळत होतीस तेव्हाचं लिही. तिला वाटतं, त्यात ढाली अन् पदकं निघतील. निघणार आहे तो गिरणीचा आवाज, डब्यांचा वास अन् माझे बाबा. ते सगळं आठवलं की आधी थकवाच येतो. तरी लिहिते एकदाचं.

आम्ही तेव्हा अमरावतीत एका पिठाच्या गिरणीमागं दोन खोल्यांत राहत होतो. गाव आमचं अचलपूरकडचं, तिथून उठून आलो होतो. बाबा सुतार. वखर, डवरे, तिफणी अशी शेतीची अवजारं, गाड्यांची चाकं, सगळं त्यांच्या हातचं, अन् आजूबाजूच्या गावांत त्यांच्या कामाला नाव होतं. मग ती वर्षं आली. कापसाला भाव नाही, पाण्याचा भरवसा नाही, वावरं पडीक पडायला लागली. ज्याचं वावरच पडीक, त्याले नवा वखर कायले लागते? लोक बाबांकडे यायचे, पण काम घेऊन नाही. ओट्यावर बसायचे, तंबाखू मळायचे, ‘औंदाबी काही खरं नाही’ म्हणायचे अन् उठून जायचे. शेवटी माय म्हणाली, "इथं बसून एकमेकाचे तोंडं किती दिवस पाहाचे?"  बाबांनी आपली अवजारं एका पोत्यात भरली अन् पोत्याचं तोंड सुतळीनं शिवून टाकलं.

अमरावतीत शिकवणीवाल्या पोरांचा सुळसुळाट. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली, खोल्या करून राहिलेली, आईच्या हातच्या जेवणावाचून आंबलेली पोरं. माय त्यांचे डबे करायची. पहाटे तिच्या फोडणीचा खकाणा उठला की आम्ही खोकत उठायचो. आलू-वांगं, डाळीचे फुणके, कढी-गोळे, सांबार म्हणजे कोथिंबीर घातलेलं वरण, अन् पोळ्यांची ही एवढी चळत. पोरं तक्रारी करायची, तिखट लागते म्हणून. "अन् परीक्षा काय गोड राहते?" माय म्हणायची. सकाळी गिरणी सुरू झाली की तिचा पट्टा फटफट करत राही, भिंतीला हात लावला तर भिंत थरथरताना जाणवे. आमच्या भांड्यांवर, केसांवर, सगळ्यावर एक पांढरी साय असायची. मी सायकलवर डबे पोचवायचे अन् तशीच कॉलेजात जायचे. मुली मला ‘आटा’ म्हणत. अजून दोघी-तिघी म्हणतात.

बाबा काही दिवस एका फर्निचरच्या दुकानात गेले. तिथं सगळा प्लायवूडचा कारभार. "त्या पाट्याले जीव नाही," ते घरी येऊन सांगायचे. "भुसा दाबून केलेला आहे तो. खिळा मारला की भुसकन फाटते." मालकाशी त्यांचं वाजलं अन् ते घरी बसले. खाटेवर बसून एका बोटानं खाटेचा पाय ठोकत राहायचे, टक टक, टक टक. मायचा जीव खालीवर व्हायचा त्या आवाजानं. गावाकडून कोणी माणूस आला की ती पाण्याचा तांब्या देण्याआधी त्याच्या तोंडाकडे पाहायची, याने कोणाची बातमी आणली ते. आणलेली असली तर तो माणूस चहा होईस्तोवर काही बोलत नसे. मग बाबांचं कोणीतरी जुनं गिऱ्हाईक कर्जापायी गेल्याचं कळे. बाबा म्हणायचे, "त्याच्या तिफणीचं फण मीच बसवलं होतं."  अन् सगळे त्यांची समजूत घालायचे. भाऊ, यात तुमचं काय चुकलं? वेळच तशी आहे. पाऊसच तसा आहे. नशीबच तसं आहे. ती समजूत ऐकता ऐकता माणूस आतून पोकळ होत जातो हे मला तेव्हा कुठं समजत होतं. मला राग यायचा तो फक्त त्या टक टकचा.

सॉफ्टबॉल मी खेळायला लागले ते मैदानावर दुपारी सावली असायची म्हणून. खोटं नाही सांगत. घरी गिरणी, खाट अन् डबे. मैदानावर कडुनिंबाची रांग. आमचे वानखडे सर शीळ घालून मुली गोळा करायचे, ज्या पळतील त्या त्यांच्या. मी हडकुळी, पण हात चपळ. चेंडू टाकणारणीच्या हातातून सुटला की कुठं येणार ते मला जरा आधी कळायचं. एवढंच माझं भांडवल. जोर शबानाकडे होता. शबाना आमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. तिच्या अब्बांचं कापूस पिंजायचं दुकान, गाद्या-रजया करायचे. लहानपणापासून गाद्या उचलून तिचे खांदे असे झाले होते की सर म्हणायचे, "हिले बॅट देऊ नका, नांगर द्या."

संघाकडे तेव्हा एकच धड बॅट होती, सलग, अॅल्युमिनियमची, मुठीवरची पट्टी दहादा बदललेली. शबानाच्या हातात ती सोनं होती. चेंडू पोटाच्या बरोबर मधे बसला की ‘टण्ण’ असा आवाज निघायचा, पार रस्त्यावरचे ऑटोवाले वळून पाहायचे. पण चेंडू दोन बोटं इकडे-तिकडे लागला की तीच बॅट वैरीण. लोखंडी पाइप दगडावर आपटावा तसा झटका मुठीतून निघून कोपरापर्यंत जायचा. शबानाला त्याचं काही वाटत नसे. माझ्या अंगठ्याच्या अन् बोटाच्या मधली जागा कायम काळीनिळी. मग पुढचा चेंडू यायच्या आधीच मूठ आपोआप ढिली पडायची. भीती मनात नसते, मुठीत असते. ‘मन घट्ट कर’ सांगणाऱ्यांनी एकदा हिवाळ्यात सकाळी ती बॅट धरून पाहावी.

मग जोडाची बॅट आली. शबानाचे मामू सौदीला तेलाच्या कंपनीत गाडी चालवायचे. तिथल्या वसाहतीत अमेरिकन लोक सुटीच्या दिवशी सॉफ्टबॉल खेळत अन् मायदेशी परत जाताना सामानसुमान विकून टाकत. मामूंनी तिथून भाचीसाठी ही बॅट उचलली. काळी कुळकुळीत, अन् दांडा जिथं पोटात शिरतो तिथं रबराचं कडं. हातात धरून गुडघ्यावर दाबली तर मधे जरासं, अगदी जरासंच, काहीतरी लवल्यासारखं वाटायचं. शबानाने पहिल्याच दिवशी तिच्यानं दणके मारले अन् तोंड वाकडं केलं. "मजा नही. मारलं का नाही मारलं, हाताले समजतच नाही." आवाजही तसाच, टण्ण नाही, ठप. मग मी मारून पाहिलं. मुद्दाम नाही, पण पहिलाच चेंडू पार मुठीजवळ लागला. मी डोळे मिटून झटक्याची वाट पाहिली. झटका आलाच नाही! चेंडू मात्र पुढं उभ्या शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून गेला. मी वेड्यासारखी हसायला लागले.

सर म्हणाले, "हे पाहा. सलग बॅट प्रामाणिक राहते. तू जेवढं देशीन तेवढं ते चेंडूले देते, अन् तुहं चुकलं त तेबी तुले परत देते. जोडाची बॅट चुकलेला मार मधातल्या मधात गिळून टाकते. अन् दांडा लवते म्हणून पोट मागून चाबकासारखं येते. शबानाले त्याची गरज नाही, तिचा उलट जोर वाया जाते. तुह्या हातात जोर नाही, चपळाई आहे. हे तुहीच बॅट आहे, कुंदे." मालकीण शबाना अन् बॅट माझी, असं झालं. शबानाला त्याचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "ले जा. मुझे तो वही ठोकणारी चाहिए." आज भाची मला फोनवर नवीन नवीन बॅटी दाखवते, कोणती चांगली गं मावशी, म्हणून विचारते. चांगली-वाईट असं काही नसतं. हात कोणाचा आहे ते आधी सांग.

त्या बॅटीनं मी महिनाभरात अशी सुधारले की अकोल्याला होणाऱ्या निवडीच्या सामन्यांसाठी सरांनी मला पहिल्या नऊत घेतलं. ही निवड म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. तिथून राज्याच्या संघात नाव आलं की सरकारी नोकरीत खेळाडूंच्या जागेवर हक्क सांगता यायचा. पोलिसात, वनखात्यात, कुठंही. आमच्या घरात तेव्हा कमावणारी एकटी माय. तिचे पाय संध्याकाळी असे सुजायचे की चप्पल निघत नसे. "पोट्टी नोकरीले लागली त मी त्या शिकवणीवाल्यायले सांगीन, जा बाप्पा, आता आपल्या मायच्या हातचं खा," ती म्हणायची अन् लगेच देवाकडे पाहून हात जोडायची, जास्त बोलले तर नाही ना म्हणून.  अन् मी बॅट घेऊन घरात शिरले की बाबांची टक टक थांबायची, एवढं मी पाहिलं होतं.

सामने दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होते. शबानाच्या घरी भावाचं लग्न, पाहुण्यांची पोरं सगळ्या सामानात हात घालणारी, म्हणून तिने बॅट माझ्याकडे ठेवायला दिली. अन् त्यात खंडेनवमी आली. आमच्यात खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. सगळी अवजारं घासूनपुसून पाटावर मांडायची, हळद-कुंकू, झेंडू वाहायचा. पण त्याआधी एक नेम असतो. पूजेला लंगडं अवजार ठेवायचं नाही. धार गेली असेल तर लावायची, दांडा हलत असेल तर पाचर मारून पक्का करायचा, नाहीतर वर्षभर घर लंगडतं. अन् पूजेला मांडलेलं अवजार दसरा होईस्तोवर हलवायचं नाही. आदल्या वर्षी बाबांनी पोतं उघडलंच नव्हतं. माय त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडली होती, ते माझ्या लक्षात आहे.

त्या वर्षी मी डबे पोचवून आले तर घरात राळेचा वास. पोतं उघडलेलं. रंधा, वाकस, पटाश्या, गिरमिट, करवती, सगळी ओळीनं पाटावर, लखलखीत. बाबांनी अंघोळ करून धुवट सदरा घातलेला, अन् ते चक्क गुणगुणत होते. ओळीच्या शेवटी, मायनं जुन्या लुगड्याची शिवलेली खोळ घालून, माझी बॅट. खोळीवर कुंकवाचं बोट अन् एक झेंडू. "तेबी अवजारच हाय," बाबा म्हणाले. "तुह्या हातचं." मला इतकं भरून आलं की काय सांगू. त्या लहान पोरासारख्या हसणाऱ्या माझ्या बापाकडे मी पाहतच राहिले. माय चुलीपुढून म्हणाली, "सकाळपासून असेच करून राहिले. तीनदा चहा मागतला." दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पुरणपोळ्या झाल्या, कढी झाली, सोनं वाटलं. बॅट पाटावरच राहिली, नेमाप्रमाणे. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबांनीच ती उचलून माझ्या हातात दिली अन् म्हणाले, "मी येतो अकोल्याले."

ते याआधी एकाही सामन्याला आले नव्हते. एसटीत मुलींच्या मधे बसून आले, टोपी सारखी करत. मायनं बांधून दिलेल्या पुरणपोळ्या त्यांनी मुलींना वाटल्या, आपण खाल्ली नाही. शबानाला म्हणाले, "खाय वं बेटी, तुह्या बॅटीची पूजा झाली." शबाना म्हणाली, "फिर तो चाचा, आज जितना पक्का." बाबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आज पाहाजो कशी चालते ते." मला वाटलं, देवाचा हात लागला म्हणून म्हणत असतील. मी खिडकीतून बाहेर पाहत होते. कपाशी गुडघ्याएवढीच राहिलेली, पानं लाल पडलेली. वावरात माणूस नव्हतं.

मैदानावर सामन्याआधी पंच बॅटी तपासतात. दोन्ही संघांच्या बॅटी गवतावर ओळीनं ठेवायच्या. मी खोळीची नाडी सोडली, बॅट ठेवली अन् बूट बांधायला वाकले. पंचांनी एकेका बॅटीवरून हात फिरवला, काळ्या बॅटीवर त्यांचा हात थांबला. "ही कोणाची?" मी वर पाहिलं. रबराचं कडं जागेवर नव्हतं. त्या जागी राळ भरून, काचपेपरनं घासून, सुरेख गुळगुळीत केलेलं, अन् मधोमध आरपार दोन पितळी खिळे, दोन्हीकडून चपटे ठोकलेले. नथीतल्या मोत्याएवढे ते पिवळे ठिपके उन्हात चमकत होते. 

मी तोंड उघडायच्या आधी दोरीपलीकडून बाबा पुढं आले. टोपी काढून हातात घेतली. "साहेब, बॅट पोरीयची आहे. काम माहं आहे. जोड हलत होता. आता पाहा, हत्ती बसला तरी हलत नाही."

"काका," पंच म्हणाले, माणूस चांगला होता, "खिळे मारलेली बॅट चालत नाही. नियमात बसत नाही. खेळताना उडाला तर कोणाच्या डोळ्यात जाईल."

"माहा खिळा उडते?" बाबांचा आवाज चढला. "तीस वर्सं झाली साहेब, माह्या हातचा खिळा उडाला नाही. ओढून पाहा. पकडीनं ओढा!"

सगळ्या मुली पाहायला लागल्या, समोरच्या संघाच्याही. वानखडे सर धावत आले, त्यांनी बॅट हातात घेतली, गुडघ्यावर दाबली अन् डोळे मिटले. मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, तो जोड हलायसाठीच केला होता." बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, बॅटीकडे पाहिलं, परत त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, सर चेष्टा करून राहिले. शबाना बॅट घेऊन त्या पितळी ठिपक्यावर अंगठा फिरवत होती. तिची वस्तू. मामूंनी समुद्रापलीकडून आणलेली. ती म्हणाली, "कितना साफ काम किया चाचा आपने," अन् पाठ फिरवून गेली. ती रडत होती का चिडली होती, ते मला आजही ठाऊक नाही, अन् मी तिला विचारलंही नाही. बाबा तिथंच उभे राहिले, हातात टोपी घेऊन.

मला नंतर कळलं ते मायकडून. बाबांनी पोतं उघडलं, एकेक अवजार काढलं, पाहतात तर सगळी धड. वापरलीच नव्हती तर मोडतील कशानं? धार तशीच, दांडे तसेच. खंडेनवमीचा दिवस अन् दुरुस्त करायला घरात काहीच नाही. ते सगळ्या घरात फिरले म्हणे, मायचं लाटणं पाहिलं, पोळपाट पाहिला, खाटेचे पाय पाहिले. मग त्यांनी माझी बॅट गुडघ्यावर दाबली, अन् ती लवली.

बाकी सांगण्यासारखं थोडंच आहे. समोरच्या संघाकडेही सगळ्या सलग बॅटी, त्यामुळं मागून घ्यायचीही सोय नव्हती. मी आमची जुनी सलग बॅट घेऊन उभी राहिले. पहिलाच चेंडू मुठीजवळ लागला, तो जुना झटका कोपरापर्यंत गेला अन् चेंडू लोळत पिचरच्या पायाशी. बाद. पुढच्या वेळी मूठ आधीच ढिली पडली होती, तीन चेंडू नुसते वाऱ्यावर. तिसऱ्या वेळी तिसऱ्या टप्प्यावर आमची मुलगी उभी होती, एक बरा फटका बसला असता तर ती पळत येऊन धाव झाली असती. मी दात खाऊन मारलं. चेंडू उंच उडाला, सरळ वर, अन् खाली आला तो कॅचरच्या हातात. त्याच बॅटीनं शबानाने चेंडू कुंपणाबाहेर घातला. टण्ण! अख्खं मैदान उठून उभं राहिलं. तेव्हा बॅटीचाच सगळा दोष असंही मला म्हणता येईना. पण ती बॅट तिची होती, माझी नव्हती, हे मी म्हणणारच. मरेस्तोवर म्हणणार.

संध्याकाळी नावं वाचली. शबानाचं होतं. माझं नव्हतं. पुढं शबाना नोकरीला लागली अन् मी मायच्या हाताखाली डबे करायला लागले, तिच्यानंतर मीच ते चालवले, परवा परवापर्यंत. सुखी नव्हते असं नाही. पण थकले. हिवाळ्यात कणीक मळताना हा अंगठा अजून ठणकतो अन् मग सगळं मैदान डोळ्यांपुढं उभं राहतं.

परतीच्या एसटीत मुली शबानाभोवती जमल्या होत्या, गात होत्या. मी अन् बाबा पुढच्या बाकावर. काळी बॅट आमच्या दोघांच्या मधे. सर मागून उठून आले अन् वाकून म्हणाले, "भाऊ, मनाले लावून घेऊ नका. निवडीत असंच राहते. तुमचं काही नाही त्याच्यात." मग शबानाही आली. "जाने दो चाचा, पुरानीच होती बॅट." बाबा प्रत्येकाला मान हलवत होते. तीच मान ते गावाकडून आलेल्या माणसांपुढं हलवायचे. तुमचं काही नाही, भाऊ. वेळच तशी आहे.

मूर्तिजापूर मागं पडलं. बाबा खिडकीकडे पाहत म्हणाले, "कुंदे, खरं सांगजो. माह्यानं झालं का?"

मी दिवसभराची दमलेली होते. अंगठा सुजून टरारला होता. गोड बोलायला लागते ती ताकद माझ्याजवळ नव्हती. मी म्हटलं, "हो. तुमच्यानं झालं."

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर कानशिलात ठेवून देतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे मी अमरावतीला आल्यापासून पाहिलंच नव्हतं. पाठ सरळ करून बसले. कोणी काम घेऊन आलं की बसायचे तसे.

"मंग मले समजावून सांग," ते म्हणाले. "कसा हलते तो जोड? काहून हलते?"

मी त्यांचं मनगट धरलं. हे कोपरापासून इथपर्यंत दांडा, म्हटलं, अन् हा पंजा म्हणजे पोट. दांडा आधी निघतो, पोट मागून येतं. त्यांचा हात मी हलवून दाखवला, पुन्हा दाखवला. त्यांनी विचारलं, चेंडू वर लागला त? खाली लागला त? मुठीपाशी लागला त? मी सांगत गेले. इतके प्रश्न त्यांनी मला जन्मात विचारले नव्हते.

"अन् नाही हलला त?"

"त मार हातात येते. असा." मी अंगठा पुढं केला. बोटाच्या बेचक्यात काळंनिळं झालं होतं, चामडी ताणून चमकत होती.  त्यांनी तो अंगठा आपल्या दोन्ही हातांत धरला. खडबडीत हात ते, पण मला दुखलं नाही.

"जू," ते म्हणाले. मला कळेना. "बैलगाडीचं जू वं. जू आपण गाडीले खिळ्यानं ठोकत नाही कधी. दोरानं बांधतो, जरासं ढिलं ठेवून. पक्कं ठोकलं त बैलाची मान सोलून निघते. मी एवढासा होतो तवा माह्या बापानं मले सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं."

मागं मुली गात होत्या. बाबांची नजर माझ्या अंगठ्यावरच होती.

"मले येत होतं, कुंदे," ते म्हणाले. "हे मले येत होतं."